महादेवाच्या डोंगरातील पाहुणे

‘पचमढीचा शोध १८५७ मध्ये कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने लावला’ हे वाक्य प्रवासी पुस्तिकांतून इतक्या वेळा छापले गेले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. फॉर्सिथचा जन्म १८३८ चा. म्हणजे त्या साली तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. ज्या मध्य प्रांताच्या सरकारने त्याला सातपुड्याच्या जंगलांची पाहणी करण्यास धाडले, तो प्रांतच मुळी १८६१ च्या अखेरीस अस्तित्वात आला. फॉर्सिथने स्वतः आपल्या ग्रंथात या पठारावरील आगमनाचा काळ १८६२ च्या आरंभीचा दिला आहे. सन चुकला, एवढीच ही बाब असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्या वाक्यातील खरी चूक सनात नसून ‘शोध’ या शब्दात आहे.

नर्मदेच्या दक्षिणेला सातपुड्याची जी रांग महादेव डोंगर या नावाने ओळखली जाते, तिच्या वालुकाश्मी माथ्यावर पचमढीचे पठार आहे. जवळचे धूपगड हे सुमारे १,३५० मीटर उंचीचे शिखर सातपुड्यातील सर्वांत उंच होय. येथे साग आणि साल ही दोन्ही झाडे भेटतात; पूर्वेकडच्या सालवनाचा एक तुटलेला तुकडा सागाच्या मुलखात येऊन थांबला आहे. या डोंगरांतील खडकांच्या आश्रयस्थानांत शेकडो चित्रे आहेत. १९३० नंतरच्या दशकात जी. आर. हंटर यांनी येथे उत्खनन केले, तर डी. एच. गॉर्डन यांनी चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या चित्रांत शिकार आणि मध काढणे आहे, तसेच हातात हात घालून नाचणारी माणसे आणि तंतुवाद्य वाजविणारा वादकही आहे. डोंगरात रमणे ही गोष्ट साहेबांनी आणली, असे म्हणणाऱ्याने ही चित्रे एकदा पाहावीत.

विदर्भात ‘पचमढीला जाणे’ हा शब्दप्रयोग तसा नवा. जुनी माणसे ‘महादेवाला जातो’ असेच म्हणत. महाशिवरात्रीला चौरागडाच्या माथ्यावर नवसाचे त्रिशूळ वाहण्यासाठी नागपूर, अमरावती, वर्धा या भागांतून हजारो माणसे पायी निघत. आजही निघतात. एकट्याने उचलता येणार नाहीत असे लोखंडी त्रिशूळ पाळीपाळीने खांद्यावर घेऊन ती चढण चढली जाते, आणि माथ्यावर त्रिशुळांचे रानच उभे राहिलेले दिसते. भस्मासुरापासून लपण्यासाठी शंकर ज्या गुहांत शिरला, त्या याच, अशी यात्रेकरूंची श्रद्धा आहे. या देवस्थानांचे वंशपरंपरागत राखणदार होते ते कोरकू ठाकूर. पुराण बाहेरून आलेल्यांचे आणि वाट स्थानिक कोरकूंची, अशी ही जुनी व्यवस्था होती. तीत देवाणघेवाण होती, तंटेही असणारच. पण तिच्यात डोंगराला मालक होता, आणि पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे ठाऊक होते.

डोंगराने आसरा द्यावा आणि त्याची किंमत डोंगरातल्या माणसांनी मोजावी, हे येथे एकदाच घडलेले नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर पदच्युत झालेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटले ते याच डोंगरांत आले. गोंड सरदारांच्या बळावर त्यांनी काही महिने काढले, आणि पुढच्या वर्षी ते असीरगडाकडे निघून गेले. चाळीस वर्षांनी, १८५८ च्या ऑक्टोबरअखेर, मूळचे येवल्याचे तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले. त्या सुमारास हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह इंग्रजांविरुद्ध उठला. पुढे त्याला पकडून देहदंड देण्यात आला. फॉर्सिथ पठारावर पोहोचला तेव्हा ही गोष्ट जुनी झालेली नव्हती. ज्या डोंगराचा धनी नुकताच मारला गेला आहे, त्या डोंगराचा ‘शोध’ लागणे सोपे असते.

फॉर्सिथविषयी मात्र अन्याय करू नये. तो शिकारी होता, वनाधिकारी होता आणि उत्तम लेखकही होता. १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेला त्याचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ आजही वाचनीय आहे. कोरकू आणि गोंड यांच्याविषयी त्याने पुष्कळ लिहिले, कधी आपुलकीने, कधी साहेबी आढ्यतेने. त्याने पठारावर बांधलेले ‘बायसन लॉज’ हे पचमढीच्या नव्या वसाहतीचे आद्य घर. परंतु त्याच्या लेखणीत एक गाठ आहे. जंगल तोडून, जाळून, त्या राखेत पेरणी करण्याची ‘दह्या’ ही रीत त्याला जंगलाची शत्रू वाटे. आणि ज्या माणसांच्या वाटाड्यांवाचून त्याला एक कोसही चालता आले नसते, तीच माणसे त्या रीतीवर जगत होती. सरकारने ही गाठ सोडविली नाही, कापली. १८६५ मध्ये देशाचा पहिला वनकायदा आला, आणि त्याच साली पठाराखालचे बोरीचे जंगल राखीव झाले. देशातील पहिले राखीव जंगल म्हणून त्याचे नाव घेतले जाते. कालपर्यंतचा राखणदार आपल्याच रानात अपराधी ठरू लागला.

त्यानंतरचा भाग परिचित आहे. १८७० मध्ये इटारसी-जबलपूर लोहमार्ग झाला आणि पिपरिया स्थानकावरून पठार गाठणे सुकर झाले. लष्करी छावणी, आरोग्यधाम, चर्च, बंगले उभे राहिले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून येथे येऊ लागले, आणि साहेबांच्या मागोमाग नागपूरचे मराठी कारकूनही दप्तरे घेऊन डोंगर चढू लागले. त्यांच्या आयांनी जो डोंगर अनवाणी चढला होता, तोच आता लेक सरकारी भत्त्यावर चढत होता! १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने विदर्भ वेगळ्या राज्यात गेला, तरी महादेवाची वाट तुटली नाही.

आज या डोंगराला ओस पडलेला ऋतू नाही. उन्हाळ्यात थंड हवेसाठी, हिवाळ्यात वाघ-अस्वलांसाठी, फाल्गुनाच्या तोंडावर शिवरात्रीसाठी लोक येतात. १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले आणि पुढे व्याघ्र प्रकल्प. येथे रानातून पायी हिंडण्याची आणि तव्याच्या जलाशयात होडीतून पक्षी पाहण्याची सोय आहे, आणि ती आनंददायक आहे यात शंका नाही. परंतु २००५ नंतर धाईं, बोरी, चुरणा यांसारखी गावे गाभाक्षेत्रातून उठवून बाहेर वसविण्यात आली. गावकऱ्यांना जमीन आणि पैसा मिळाला. काहींना शाळा-दवाखाना जवळ आल्याचे समाधानही असेल. त्यांच्या शेतांवर मात्र आता उंच गवत वाढले आहे, आणि २०१५ पासून कान्हाहून आणलेले बाराशिंगे बोरीच्या परिसरात वाढत आहेत. पर्यटकाच्या डोळ्यांना ते आदिम कुरण दिसते. तेथे कोणी नांगर धरला होता, हे त्याला कोणी सांगितल्याखेरीज कळत नाही. भभूतसिंहाचे नाव मात्र परत आले: जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत भरली आणि तेथील अभयारण्याला त्याचे नाव देण्याचे जाहीर झाले.

पावसाळ्याचे राहिलेच. जुलै ते सप्टेंबर गाभाक्षेत्राची दारे सफारीच्या गाड्यांना बंद असतात. त्याच काळात, नागपंचमीच्या आधी सुमारे दहा दिवस, नागद्वारीची वाट उघडते. विदर्भातून आलेल्या बाया-माणसे, डोक्यावर गाठोडे, पायात कित्येकदा काही नाही, धुक्यातून आणि निसरड्या कड्यांवरून त्या गुहांकडे चालत राहतात. वाट विचारण्याची वेळ आली तर पुढच्याला हाक मारतात. नागपंचमी झाली की वनखाते ती वाट पुन्हा बंद करते.