चार रंगांतला चेहरा

तैलरंगातील व्यक्तिचित्राचा आपल्याकडील इतिहास मुख्यतः आश्रयदात्यांचा इतिहास आहे. मुंबईत 1857 साली जे. जे. कलाशाळा निघाली. पुढे राजा रविवर्म्याने बडोद्याच्या गायकवाडांसाठी चित्रे केली. चित्रकारापुढे बसायला फुरसत लागे, त्याला द्यायला पैसा लागे. ज्यांच्यापाशी दोन्ही नव्हते त्यांचा चेहरा या इतिहासात कुठे आला? आलाच तर बिननावाचा.

मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पण पदवीच्या कितीतरी आधी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आली होती. नांदेड-लातूरच्या वस्त्यांत मी पाहिलेली त्यांची चित्रे बहुधा पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची. त्यांच्यासमोर बाबासाहेब बसले नव्हते. समोर होते कृष्णधवल छायाचित्र. त्यात उजेड होता, सावली होती, रंग नव्हता. तो पेंटरलाच ठरवावा लागे. अनेकांनी चेहरा गुलाबी केला. हा दोष त्यांच्या हाताचा नव्हे. देव आणि राजे गोरेच दाखवणाऱ्या कॅलेंडरांनी ती नजर घडवली होती.

येथे चित्रकलेचे तंत्र आपल्या कामाचे आहे. छटांवर उभ्या असलेल्या व्यक्तिचित्रात आधी गडद आणि उजळ भाग एकाच मातकट रंगात बसवतात. कपाळ, गाल, हनुवटी तिथेच ओळखू येतात. रंग नंतर येतो, आणि थोडकाच पुरतो. स्वीडनचा चित्रकार आंदेर्स झोर्न (1860-1920) याचे नाव पांढरा, पिवळी माती, हिंगुळ आणि काळा या चार रंगांशी जोडले जाते. या चारांतून सावळ्या, तपकिरी, काळ्या त्वचेच्या सर्व छटा निघतात. काळ्यात पांढरा मिसळून केलेला करडा रंग उबदार मातकट रंगाशेजारी निळसर दिसतो. कोटासाठी निळी नळीही लागत नाही. म्हणजे चेहरा गुलाबी झाला तो सामग्रीच्या तुटवड्यामुळे नव्हे. आपली त्वचा चित्रात शोभणार नाही, ही समजूत रंगाआधी मनात बसली होती.

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले ते 1990 साली, झेबा अमरोहवी यांनी रंगवलेले. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 34 वर्षांनी. राज्यसंस्थेला इतका वेळ लागला. वस्तीने मात्र परवानगीची वाट पाहिली नाही. त्या पेंटरांची नावे कोणत्या कलेतिहासात आहेत? अजून काही भिंती उभ्या आहेत, काही हात हयात आहेत. विद्यार्थ्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे, नावे लिहावीत, कोणते रंग वापरले ते विचारावे. भिंती पडण्याआधी हे काम झाले पाहिजे.