इंग्रजी रचनेचा अभ्यास : शब्द, व्याकरण आणि निबंध (१८२२–१९१६)

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात झालेल्या इंग्रजी शिक्षणाच्या प्रसाराचा इतिहास बहुधा धोरणांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संस्था कोणी स्थापन केल्या, अनुदान कोणी दिले, कोणत्या खलित्याने कोणती दिशा ठरली, याची चर्चा विपुल झाली आहे. परंतु शाळेत येऊन बसलेल्या मराठी विद्यार्थ्याने ती परकी भाषा प्रत्यक्ष कोणत्या अभ्यासाने आत्मसात केली, या प्रश्नाकडे त्या मानाने थोडेच लक्ष गेले आहे. या अभ्यासाची तीन अंगे स्पष्ट दिसतात : शब्दसंग्रह, व्याकरण आणि निबंधलेखन. यांपैकी पहिली दोन वर्गात शिकविता आली. तिसऱ्या अंगाची गोष्ट निराळी आहे. लिहिणाऱ्याला काही सांगावयाचे आहे आणि ऐकणारा त्याच्याशी वाद घालू शकतो, अशी परिस्थिती जेथे निर्माण झाली तेथेच निबंध खऱ्या अर्थाने साधला, असे उपलब्ध इतिहासावरून दिसते.

प्रारंभी शब्दसंग्रहाचा विचार करणे सोयीचे होईल. १८२२ साली मुंबईत शाळा व शालेय पुस्तके यांसाठी स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्या वेळी गव्हर्नर होते. या मंडळीचा मुख्य भर देशी भाषांतील पुस्तकांवर होता. इंग्रजीचे अध्यापन त्याच्या जोडीने चाले. त्या काळच्या विद्यार्थ्यापुढील पहिली अडचण साधनांची होती. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला; परंतु इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ पाहण्यासाठी ज्याचा उपयोग व्हावा तो इंग्रजी–मराठी कोश मोल्सवर्थ यांनी हाती घेऊन थॉमस कँडी यांनी पूर्ण केला तेव्हा १८४७ साल उजाडले होते. म्हणजे मधली सोळा वर्षे इंग्रजी वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याजवळ जो मोठा कोश होता तो उलट्या दिशेचा होता.

ही उणीव काही अंशी वृत्तपत्राने भरून काढली. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत छापला जाई. देशबांधवांत इंग्रजी विद्येच्या अभ्यासाची आवड उत्पन्न करणे आणि सार्वजनिक चर्चेस जागा करून देणे, असे दोन हेतू ‘दर्पण’कारांनी आरंभीच जाहीर केले होते. हे दोन हेतू एकत्र सांगितले गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. डावीकडचा शब्द उजवीकडे कोणत्या वाक्यात, कोणत्या प्रसंगी उतरतो हे वाचकास तेथे दिसे, आणि तो प्रसंग त्याच्या स्वतःच्या समाजातील असे. शब्द पाठ करणे आणि शब्द वापरलेला पाहणे यांतील अंतर ‘दर्पण’च्या रचनेनेच कमी झाले. हे पत्र १८४० साली बंद पडले.

व्याकरणाचा अभ्यास मात्र वेगळ्या वळणाने गेला. त्या काळी इंग्रजी भाषिक जगात सर्वत्र प्रमाण मानले जाणारे व्याकरण लिंडले मरे यांचे होते. ते १७९५ साली प्रसिद्ध झाले आणि हिंदुस्थानातील इंग्रजी शाळांतही पोहोचले. १७९७ साली मरे यांनी त्याला जोडून अभ्यासाचे एक पुस्तक काढले. त्यात चुकीची वर्णरचना, चुकीची वाक्यरचना, सदोष विरामचिन्हे आणि दुर्बोध मांडणी यांची उदाहरणे क्रमाने दिलेली होती. विद्यार्थ्याने ती दुरुस्त करावयाची. उत्तरांची पुस्तिका निराळी असे. या पद्धतीत विद्यार्थ्यापुढे प्रथम येते ते दुसऱ्याने मुद्दाम बिघडविलेले वाक्य. त्यातील दोष ओळखता आला की अभ्यास संपला. वाक्य का लिहिले गेले, त्याच्या आधी काय होते आणि पुढे काय यावयाचे, हा प्रश्न त्या अभ्यासात उद्भवतच नाही.

या व्याकरणपद्धतीचा मराठीवर झालेला परिणाम दूरगामी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. मराठीच्या शालेय व्याकरणात पुढे जे वर्गीकरण रूढ झाले त्यात शब्दांच्या आठ जाती मानल्या जातात : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. मरे यांनी इंग्रजीच्या नऊ जाती सांगितल्या होत्या. त्यांतून ‘आर्टिकल’ ही एक जात वगळली की बाकी आठच राहतात. कर्तरि, कर्मणि आणि भावे हे प्रयोग संस्कृत परंपरेतून आले; शब्दजातींची चौकट इंग्रजी व्याकरणाची राहिली. ती चौकट मराठीला कितपत मानवते याची साक्षेपी चिकित्सा होण्यास मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत, म्हणजे १९११ सालापर्यंत, वाट पाहावी लागली. इंग्रजी शिकणाऱ्या पहिल्या पिढीने इंग्रजीचे व्याकरण शिकता शिकताच आपल्या भाषेचे व्याकरण रचले, ही गोष्ट या काळाचे एक लक्षणच मानावयास हवी. विरामचिन्हांच्या बाबतीतही तोच क्रम दिसतो. त्यांची मराठी परिभाषा सांगणारी कँडी यांची पुस्तिका १८५० ची आहे.

आता मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीत कोणत्या ठिकाणी अडखळावे लागते हे पाहिले असता या पद्धतीची मर्यादा अधिक स्पष्ट होते. मराठीत ‘आर्टिकल’ नाही, म्हणून नामाचा निर्देश निश्चित की अनिश्चित हा विचार त्याला प्रत्येक नामापाशी नव्याने करावा लागतो. ‘मी कालच आलो आहे’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे; परंतु इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळाला ‘काल’सारखे गतकाळाचे क्रियाविशेषण चालत नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ येथे मराठीला ‘असणे’ पुरते, इंग्रजीला निराळे क्रियापद लागते. मराठीत ‘जो–तो’ या रचनेत संबंधी वाक्य बहुधा आधी येते. इंग्रजीत ते नामाच्या मागून चालते. हे सर्व दोन भाषांतील भेद आहेत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्यांच्यासाठी लिहिलेल्या मरे यांच्या पुस्तकात त्यांची नोंद असण्याचे कारणच नव्हते.

या भेदांना सामोरी गेलेली पद्धती म्हणजे भाषांतराचा पाठ. एक नियम, त्याखाली काही शब्द, मग इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करावयाची वाक्ये, असा त्याचा साचा. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संस्कृतच्या अध्यापनासाठी १८६४ साली सिद्ध केलेल्या ‘मार्गोपदेशिके’तही हाच क्रम आहे. पारंपरिक पाठशाळेत आधी पाठांतर आणि नंतर अर्थ अशी रीत होती. भांडारकरांनी पहिल्या पाठापासून विद्यार्थ्याला वाक्य करावयास लावले. इंग्रजीच्या बाबतीत पुढे घरोघरी पोहोचलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला याच वर्गातली. शाळेच्या बाहेर, शिक्षकावाचून इंग्रजी शिकू पाहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना तिचा आधार झाला. या पद्धतीने वाक्य शुद्ध झाले आणि दोन भाषांतील भेदाची जाणीव पक्की झाली. तथापि तिचा विस्तार वाक्यापर्यंतच होता. एका वाक्यातून दुसरे निघावे, दोन परिच्छेदांत कार्यकारणाचा संबंध असावा, आक्षेपाची दखल घेऊन मग सिद्धांत मांडावा, हे तिच्या कक्षेत येत नव्हते.

मग निबंध कोठे शिकला गेला? या प्रश्नाचे उत्तर १८४८ साली मिळते. त्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रेरणेने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा स्थापन केली. सभासदाने निबंध लिहून आणावा, वाचावा आणि त्यावर इतरांनी चर्चा करावी, हे तिचे मुख्य काम. मूळ सभेचे कामकाज इंग्रजीत चाले. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक मंडळी या नावाने निघाल्या आणि तेथे देशी भाषांत निबंध वाचले जाऊ लागले. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० साली याच वातावरणात सुरू झाले. येथे चुकीचे वाक्य दुरुस्त करणे हे उद्दिष्ट नव्हते. प्रतिपादन पटले नाही तर सभेतच उत्तर द्यावे लागे. स्त्रीशिक्षणावरील निबंध या सभेत वाचला गेला आणि १८४९ साली सभासदांनी मुलींच्या शाळा काढून तेथे स्वतः शिकविण्यास आरंभ केला. दादाभाई नौरोजी या कार्यात अग्रभागी होते. निबंधाचे पर्यवसान कृतीत झाल्याचे याहून स्पष्ट उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल.

या सभेचे द्वैभाषिक स्वरूप आणखी एका दृष्टीने लक्षणीय आहे. १८४७–४८ च्या सुमारास मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमाविषयी तीव्र मतभेद झाला होता. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी होते. कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला. बोर्डातील वाद ‘हे की ते’ अशा स्वरूपाचा होता. विद्यार्थ्यांनी आपल्या सभेत दोन्ही भाषा चालविल्या आणि एकीत कमावलेली मांडणी दुसरीत नेली.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ १८७४ साली सुरू झाली आणि तिचे ८४ अंक निघाले. त्यांच्यावर अ‍ॅडिसन, जॉन्सन व मेकॉले यांचा प्रभाव होता हे सर्वश्रुत आहे. मात्र ते ऋण केवळ शैलीचे नाही. विषयाची व्याख्या, प्रतिपक्षाचा अनुवाद, त्याचे खंडन आणि अखेरीस स्वमत, असा जो क्रम मालेत आढळतो तो आपल्याकडील पूर्वपक्ष–उत्तरपक्षाच्या परंपरेलाही अपरिचित नव्हता. इंग्रजी निबंधाने दिलेली नवी गोष्ट म्हणजे सामान्य वाचक. शास्त्रार्थ पंडितांपुढे होई. निबंध कोणाही साक्षर माणसाला उद्देशून लिहिला जाऊ लागला.

याच काळात विद्यापीठाची गती मात्र उलट दिशेने होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली आणि १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यानंतर लवकरच उच्च परीक्षांतून देशी भाषा काढून टाकण्यात आल्या. त्यांना पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे १९०१ साली निधन होईपर्यंत झटत राहिले. परिणामी इंग्रजीत विचार मांडावा आणि तोच मराठीत पारखून पाहावा, ही १८४८ ची सवय उच्च शिक्षणाच्या चौकटीतून बाहेर पडली.

हा इतिहास येथेच थांबविला तर तो सुस्थित वर्गांचा इतिहास ठरेल. इंग्रजीचा अभ्यास ज्यांच्या बाबतीत केवळ नोकरीचा किंवा प्रतिष्ठेचा प्रश्न नव्हता अशांची परंपराही याच काळातली आहे. सावित्रीबाई फुले यांच्या ‘काव्यफुले’ (१८५४) या संग्रहात इंग्रजीला माउली म्हणून संबोधिलेले आहे. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला इंग्रजीत निवेदन सादर केले. सरकारचा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, असे सांगून किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी त्यांनी त्यात केली. आधारवाक्य, विसंगती आणि त्यातून निघणारी मागणी अशी त्या निवेदनाची बांधणी आहे. आयोगापुढे विषय मांडावयाचा तर तो आयोगाच्या भाषेत आणि आयोगाला नाकारता येणार नाही अशा क्रमाने मांडावा लागतो, याची ही जाणीव होय.

या परंपरेचे पूर्ण विकसित रूप ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात दिसते. शाळेत संस्कृत नाकारले गेल्यामुळे ज्यांना फारसी घ्यावी लागली, ते भीमराव आंबेडकर यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. ‘इंडियन अँटिक्वरी’त तो मे १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या क्रमाने तपासल्या आहेत. जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्मानेच मिळणारे सभासदत्व ही दोन लक्षणे केतकरांनी दिली होती. ती एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत, कारण बाहेर विवाहाची बंदी घातली की सभासदत्व आपोआप जन्मापुरते मर्यादित होते, असे आंबेडकरांनी दाखविले. मग त्याच सूत्रावर, म्हणजे जातीअंतर्गत विवाहावर, त्यांनी आपला सिद्धांत उभारला. पूर्वसूरींच्या मताचा न्याय्य अनुवाद, त्यातील नेमका दोष आणि तेथूनच पुढे टाकलेले पाऊल, हे शास्त्रीय निबंधाचे मर्म येथे निखळपणे आढळते. केतकरांचा ग्रंथही अमेरिकेतील विद्याभ्यासातून १९०९ साली निघालेला होता. दोन मराठी भाषिकांमधील वाद इंग्रजीच्या शास्त्रीय परिभाषेत, परदेशी विद्वानांसमोर, पूर्ण अधिकाराने चालला होता. पुढे केतकरांनी मराठीत ‘ज्ञानकोश’ सिद्ध केला आणि आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. हेही या इतिहासाशी सुसंगतच आहे.

तात्पर्य, शब्दसंग्रहाने मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी वाचता आले, व्याकरण आणि भाषांतर यांनी त्याचे वाक्य निर्दोष झाले; परंतु त्याला इंग्रजीत विचार मांडता आला तो सभा, नियतकालिक, निवेदन आणि परिसंवाद यांच्यामुळे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याच्या इंग्रजी लेखनाचा विचार करताना आजही प्रथम त्याच्या चुका मोजल्या जातात. चुका दुरुस्त होणे अगत्याचे आहे यात शंका नाही. पण ज्याच्या निबंधावर कोणी वाद घातला नाही, ज्याला तोच विचार आपल्या भाषेत मांडून पाहण्याची संधी मिळाली नाही, त्याचे निर्दोष वाक्य मरे यांच्या उत्तरपुस्तिकेतील वाक्याहून फारसे पुढे जात नाही. विभागातील निबंधवाचनाला केवळ औपचारिक कार्यक्रम न मानता अध्यापनाचे अंग मानावे, असा या इतिहासाचा निष्कर्ष आहे.