ओव्हेर्न

ओव्हेर्न : फ्रान्सच्या मध्यभागातील ज्वालामुखीय, डोंगराळ आणि मुख्यतः पशुपालक प्रदेश. ‘मासिफ सेंट्रल’ या विस्तीर्ण उंचवट्यात तो येतो. आल्ये, प्वी-द-दोम, काँताल व ओत-ल्वार हे त्याचे चार जिल्हे. १ जानेवारी २०१६ पासून शासकीय दृष्ट्या तो ओव्हेर्न-रोन-आल्प या मोठ्या विभागात सामावला गेला, पण लोकांच्या बोलण्यात ओव्हेर्न वेगळाच आहे. मुख्य शहर क्लेरमाँ-फेराँ.

प्रदेशाचे बहुतेक नवे ज्वालामुखी क्लेरमाँच्या पश्चिमेस उत्तर-दक्षिण रांगेत उभे आहेत. या रांगेला ‘शेन दे प्वी’ म्हणतात. प्वी म्हणजे टेकडी. सुमारे ३० किलोमीटर लांबीत इथे ८० च्या आसपास ज्वालामुखी आहेत. शेजारच्या लिमान्य प्रस्तरभंगासह २०१८ मध्ये युनेस्कोने या भूभागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रांगेतील उद्रेक सुमारे ९५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाले आणि ८ हजारांहून थोड्या अधिक वर्षांपूर्वीपर्यंत चालले, म्हणजे शेवटचे उद्रेक माणसांच्या डोळ्यांदेखत झाले असावेत. दक्षिणेकडचे डोंगर याहून पुष्कळ जुने. काँताल हा तर सुमारे ७० किलोमीटर व्यासाचा एकच प्रचंड ज्वालामुखी होता; हिमनद्यांनी तो कोरून काढल्यामुळे आज त्याच्या दऱ्या मध्यापासून सर्व दिशांना पसरलेल्या दिसतात. मोंदोर भागातील प्वी द साँसी (सुमारे १,८८६ मी.) हे मासिफ सेंट्रलचे सर्वोच्च शिखर. दोर्दोन्य नदी याच डोंगरात उगम पावते.

सह्याद्रीत वाढलेल्या वाचकाला या मुलखाचे विशेष आकर्षण वाटावे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून वाहिला आणि थरांवर थर साचले, म्हणून आपल्याकडे काळा कातळ मुबलक, पण शंकूच्या आकाराचा डोंगर व त्याच्या माथ्यावरचे ज्वालामुख कुठे नाही. ओव्हेर्नमध्ये ते चालत जाऊन पाहता येते. हा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, अग्निजन्य आहे हे ठरले तेही ओव्हेर्नच्याच भूमीच्या आधारे. झाँ-एत्येन गेतार याने १७५१ मध्ये हे डोंगर विझलेले ज्वालामुखी असल्याचे ओळखले. १७६३ मध्ये निकोला देमारे याने इथले बेसाल्टचे स्तंभ पाहिले आणि ते लाव्हाच्या प्रवाहांशी जोडलेले असल्याचे दाखवले. बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साचला असे मानणाऱ्यांचा पक्ष पुढेही काही दशके प्रबळ राहिला, पण त्याला तडा इथेच गेला.

प्वी द दोम (१,४६५ मी.) हा रांगेतला सर्वांत उंच डोंगर. याला ज्वालामुख नाही. घट्ट लाव्हा वर रेटला जाऊन साधारण ११ हजार वर्षांपूर्वी हा घुमट तयार झाला. माथ्यावर दुसऱ्या शतकातील मर्क्युरी देवाच्या रोमन मंदिराचे अवशेष आहेत. क्लेरमाँमध्ये जन्मलेल्या ब्लेझ पास्कालच्या सूचनेवरून त्याचा मेहुणा फ्लोराँ पेरिये याने १९ सप्टेंबर १६४८ रोजी पाऱ्याची नळी या शिखरावर नेली. पायथ्याच्या तुलनेत वर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली उतरला आणि हवेला भार असतो याला भक्कम पुरावा मिळाला. २०१२ पासून माथ्यापर्यंत दातेरी रुळांची रेल्वे जाते. जमत असेल त्याने सेसा खिंडीतून वर जाणाऱ्या जुन्या खेचरवाटेने चढावे. तासाभराची ती चढण गाडीपेक्षा कितीतरी अधिक दाखवते. शेजारच्या प्वी द पारिऊचे गवताने भरलेले गोल ज्वालामुख पाहिल्याशिवाय परतू नये. डोंगराच्या पोटात काय असते हे जाणायचे असेल, तर लाँतेजी येथील जुन्या खाणीत उतरावे. राखेचे व खंगराचे थर तिथे उभे कापलेले दिसतात.

पाव्हँ सरोवर बेस गावाजवळ आहे. वर येणारा शिलारस भूजलाला भिडला, वाफेचा स्फोट झाला आणि सुमारे ९२ मीटर खोलीचा हा जवळजवळ वर्तुळाकार खड्डा उरला. त्याला सुमारे ७ हजार वर्षे झाली. लोणारशी त्याचे रूप जुळते, मात्र लोणार उल्कापाताने झालेले आहे. पाव्हँच्या तळचे पाणी वरच्या पाण्यात कधी मिसळत नाही, त्यामुळे खाली प्राणवायूच नसतो.

माणसांचे जगणे या खडकावरच उभे आहे. सच्छिद्र थरांतून पाऊस झिरपतो आणि दूर पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. व्होल्व्हिक गावचे बाटलीबंद पाणी अशाच थरांतून गाळले जाते. त्याच व्होल्व्हिकचा करडा-काळा दगड क्लेरमाँच्या गॉथिक कॅथेड्रलला वापरला आहे. १२४८ मध्ये बांधकाम सुरू झालेली ती इमारत भर उन्हातही काळी दिसते. खेड्यांतल्या रोमनेस्क शैलीच्या चर्चवास्तूंपैकी ऑर्सिव्हाल व साँ-नेक्तेर येथील विशेष पाहण्याजोग्या आहेत. ले प्वी-आँ-व्हले या गावी ज्वालामुखीच्या नळीत थिजलेल्या लाव्हाचा ८० मीटरांहून उंच सुळका उभा असून त्याच्या टोकावर दहाव्या शतकातील साँ-मिशेल प्रार्थनामंदिर आहे. वर जाण्यास २६८ पायऱ्या आहेत. स्पेनमधील सांतियागोच्या पदयात्रेची एक मोठी वाट याच गावातून निघते. ले प्वीची हिरवी मसूरही प्रसिद्ध आहे.

उंचावरची कुरणे हे ओव्हेर्नचे खरे धन. मे महिन्यात गुरे वर चढवतात आणि थंडी पडू लागली की उतरवतात. तांबड्या, कुरळ्या केसांची आणि लांब शिंगांची सालेर गाय वासरू जवळ असल्याखेरीज पान्हा सोडत नाही, म्हणून प्रत्येक धारेला आधी वासरू लावावे लागते. पूर्वी गुराखी उन्हाळाभर ‘ब्यूराँ’ नावाच्या दगडी खोपटात राहून तिथेच चीज करीत; आता बहुतेक ब्यूराँ ओस पडले आहेत, तर काहींत खानावळी आहेत. सालेर चीज १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर एवढ्याच काळात, न तापवलेल्या दुधापासून, लाकडी पिंपात तयार करतात. काँताल, साँ-नेक्तेर, ब्लू दोव्हेर्न्य आणि फुर्म दाँबेर या इथल्या इतर नामांकित चीज-जाती. बटाटे व ताजे चीज एकत्र परतून केलेला ‘त्रुफाद’ हा शेतकऱ्यांचा पदार्थ शाकाहारी प्रवाशाने आवर्जून मागावा. मात्र त्यात अनेकदा डुकराची चरबी असते, ते आधी विचारून घ्यावे.

पॅरिसहून क्लेरमाँला रेल्वेने साधारण साडेतीन तास लागतात. पुढे खेड्यांकडे जाणाऱ्या बस फार कमी, त्यामुळे स्वतःची किंवा भाड्याची मोटार लागतेच. खेड्यातल्या खानावळी दुपारी दोनच्या सुमारास जेवण देणे थांबवतात. कुरणातून जाणाऱ्या पायवाटांवरचे फाटक उघडले तर मागे लावून घेणे बंधनकारक समजावे. जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. प्वी मारी या शिखराखालची पा द पेरोल ही १,५८९ मीटर उंचीची खिंड हिवाळाभर बर्फामुळे वाहनांना बंद असते.