मनोविकृती : पर्यावरणीय जोखीमघटक आणि मेंदूची रचना

मनोविकृती हा भास होणे, निराधार समजुती दृढ होणे, विचारांची संगती बिघडणे व वास्तवाचे भान सुटणे ही लक्षणे असलेल्या मानसिक विकारांचा गट होय. स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) हा त्यांतील प्रमुख विकार आहे. आनुवंशिकतेबरोबरच गर्भावस्थेपासून तारुण्यापर्यंतची परिस्थितीही त्याला कारणीभूत ठरते. आहार, संसर्ग, बालपणीचा छळ, गांजाचे सेवन इत्यादी घटकांना ‘पर्यावरणीय जोखीमघटक’ म्हणतात.

मेंदूतील बदल

१९७६ मध्ये इव्ह जॉनस्टन व सहकाऱ्यांनी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सीटी स्कॅनद्वारे दीर्घकालीन रुग्णांच्या मेंदूतील द्रवयुक्त पोकळ्या (निलय) मोठ्या असल्याचे दाखवले. पुढे एमआरआय अभ्यासांत हिपोकॅम्पस या स्मरणाशी निगडित भागाचे आकारमान सरासरीने कमी आढळले. रुग्ण व निरोगी व्यक्ती यांची मापे बरीच एकसारखी असू शकतात. त्यामुळे केवळ स्कॅनवरून स्किझोफ्रेनियाचे निदान करता येत नाही.

जोखीमघटक

नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या हिवाळी दुष्काळात गर्भधारणा झालेल्या अपत्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. गर्भावस्थेत या दुष्काळाची झळ बसलेल्या रुग्णांच्या कवटीच्या आतील आकारमानातही घट दिसली. चीनमधील १९५९-६१ च्या दुष्काळानंतरही प्रमाणात अशीच वाढ नोंदवली गेली. पाश्चात्त्य देशांत शहरी वास्तव्य हाही जोखीमघटक मानला जातो. मात्र अल्प व मध्यम उत्पन्नाच्या ४२ देशांच्या अभ्यासात तसा संबंध आढळला नाही.

वऱ्हाडातील संदर्भ

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या मेळघाटच्या तालुक्यांतील कुपोषण १९९० च्या दशकापासून चर्चेत आहे. त्याचा विचार प्रामुख्याने बालमृत्यूंच्या अंगाने होतो. परंतु वरील संशोधनामुळे मातेच्या पोषणाला मेंदूच्या विकासाच्या दृष्टीनेही महत्त्व प्राप्त होते. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीमार्फत एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून राबवली जाते.

उपचारांपर्यंत पोहोचणे हा दुसरा प्रश्न आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मनोविकृतीतही उपचारांना होणारा विलंब जितका कमी, तितकी सुधारणेची शक्यता अधिक असते. अमरावती, अकोल्यासह देशभरात ‘टेली-मानस’ (१४४१६) या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.