रास्पबेरी पायवरील ऑपरेटिंग सिस्टिमचे प्रयोग

रास्पबेरी पाय या एकाच बोर्डावर मावणाऱ्या स्वस्त संगणकावर निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टिम चालवून पाहण्याचा उद्योग. इंग्लंडमधील केंब्रिज येथे मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावे म्हणून तयार झालेला हा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरना विक्रीस आला.

किमतीइतकीच त्याची रचनाही प्रयोगाला पोषक आहे. बोर्डावर हार्ड डिस्क नसते; सारी सिस्टिम एसडी कार्डावर राहते. वीज बंद करून कार्ड बदलले की दुसरी सिस्टिम सुरू होते, आणि काही बिघडले तर कार्डावर इमेज पुन्हा लिहिता येते. मर्यादा मात्र मुळाशीच आहे. सुरुवातीच्या मॉडेलांत आधी ग्राफिक्स प्रोसेसर जागा होतो, कार्डावरील, चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमचे बंदिस्त फर्मवेअर वाचतो आणि त्यानंतरच एआरएम प्रोसेसरला काम मिळते. मुक्त सिस्टिम वापरणाऱ्यालाही हा टप्पा चुकवता येत नाही, हे खटकणारे आहे.

पहिल्या पायमधील एआरएमव्ही६ प्रोसेसरला अपूर्णांकी गणिताचे हार्डवेअर होते, पण ते वापरणारी डेबियन या लिनक्सची आवृत्ती एआरएमव्ही७ मागत असे. म्हणून माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन यांनी डेबियनची हजारो पॅकेजे पायसाठी नव्याने कंपाइल करून २०१२ मध्ये रास्पबियन सिद्ध केली. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि बेल लॅब्जची प्लॅन ९ याही पायवर चालतात. २०१५ मध्ये पाय २ साठी आलेल्या विंडोज १० आयओटी कोअरमध्ये नेहमीचा डेस्कटॉपच नव्हता.

सर्वांत मोलाचा प्रयोग रिस्क ओएसचा. केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम प्रोसेसरची आखणी केली. त्यावर चालणाऱ्या आर्किमिडीज संगणकासाठी १९८७ साली ‘आर्थर’ ही सिस्टिम आली आणि तिच्यातूनच रिस्क ओएस घडली. बराचसा भाग असेंब्लीत लिहिलेला असल्याने ती पायवर काही सेकंदांत उभी राहते. खिडक्यांना वर मेनूपट्टी नसते. माऊसचे मधले बटण दाबले की मेनू उघडतो. प्रोसेसरचा ताबा सोडणे प्रत्येक प्रोग्रामच्या मर्जीवर असल्याने एक अडला की सगळा डेस्कटॉप थांबतो. लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, पडद्याआड कोणते काम करतो, ते इथे प्रत्यक्ष कळते. २०१८ मध्ये तिचा सोर्स कोड अपाचे परवान्याखाली खुला झाला.

प्रयोग करू पाहणाऱ्याने दोन कार्डे जवळ ठेवावीत: एकावर रोजच्या वापराची लिनक्स, दुसऱ्यावर रिस्क ओएस.