पायात नव्या रक्तवाहिन्या : बर्जर रोगावरचा स्टेम सेल उपचार काय आहे?

मिसरोद (भोपाळ) : चालताना पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. पुढे बोट काळं पडतं, जखम भरत नाही. बिडी-तंबाखूची सवय असलेल्यांना होणारं हे दुखणं म्हणजे बर्जर रोग. मिसरोद असो की निपाणी, बिडी ओढणाऱ्या घरात याची माहिती हवी.

या रोगात हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात आणि गुठळ्या होऊन बंद पडतात. नस बारीक असल्याने बायपास बऱ्याचदा जमत नाही आणि पाय कापायची वेळ येते.

अशा रुग्णांसाठी बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने 'स्टेमप्युसेल' तयार केलं. औषध महानियंत्रकांनी त्याला 2016 मध्ये मर्यादित आणि 2020 मध्ये पूर्ण मंजुरी दिली. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पोटरीच्या स्नायूत टोचतात. मात्रा किलोमागे 20 लाख पेशी, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 12 कोटी. बंद नस त्यामुळे उघडत नाही. पेशींतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे आजूबाजूला बारीक वाहिन्या फुटतात, सूज उतरते.

मात्र तंबाखू पूर्ण सोडली नाही, तर रोग पुढे सरकतोच.

स्टेम सेलच्या नावाने भलत्याच आजारांवरही उपचार विकले जातात. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजुरी नसलेला वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. म्हणून आधी विचारा : मंजुरी कोणत्या आजारासाठी आहे?