काजपट्टी, लालबाग, 1957

मे महिन्यातली दुपार. परळच्या रस्त्यावरून दादरकडे जाणारी ट्राम खडखडत निघून गेली आणि तुम्ही लालबागमधल्या एका चाळीच्या तळमजल्यावर, शिंप्याच्या दुकानाच्या उंबऱ्यात उभे आहात. आत एक कापायची फळी, दोन पायमशिनी, कोळशाची इस्त्री. फळीवर अत्र्यांचा ‘मराठा’ पसरलाय. दैनिक निघून सहाच महिने झालेत. पण मास्तरांनी त्यातून कॉलरचा नमुना कापलाय आणि अर्धा अग्रलेख कात्रीत गेलाय.

“काजं येतात?” मास्तर मान वर न करता विचारतात. लग्नसराई आहे, शाळांना सुट्टी आहे, कोकणात निघालेल्या प्रत्येकाला जाण्याआधी नवा शर्ट हवाय. तुम्ही मान हलवता. “मग बस. पण आधी पट्टी बघ.”

समोर निळ्या उभ्या रेघांचं पॉपलिन आहे, शर्टाच्या पुढच्या दोन बाजू कापून ठेवलेल्या. उजवी बाजू सोपी: कड दोनदा आत दुमडायची, टीप मारायची, तिच्यावर बटणं येणार. डाव्या बाजूची पट्टी मात्र वेगळी कापलेली आहे, उभ्या धाग्यात. ती आडव्या धाग्यात कापली तर ओढली की ताणते. बायकांच्या कपड्यांत उजवी बाजू वर आणि पुरुषांच्या डावी, असं का, याची कारणं प्रत्येक शिंपी वेगळी सांगतो. मला त्यातलं एकही पटलेलं नाही.

बादलीतून मांजरपाटाची चिंधी बाहेर येते. रात्रभर भिजलीय, आता पिळून वाळवायची, मग इस्त्री, मगच पट्टीच्या पोटात. कोरं मांजरपाट तसंच घातलं तर पहिल्याच धुण्यात ते आक्रसेल, वरचं पॉपलिन तेवढं आक्रसणार नाही, आणि छातीवर गळ्यापासून खालपर्यंत चुण्यांची रांग उभी राहील. गिऱ्हाईक त्याचं खापर परटावर फोडतं. आजच्यासाठी सकाळीच वाळवलेला तुकडा मास्तर तुमच्याकडे सरकवतात.

पट्टीची सुलट बाजू शर्टाच्या उलट बाजूवर ठेवायची. उलटं वाटतं, पण टीप मारून पट्टी पुढे पालथी घातली की शिवण आत लपते. मोकळी कड आत दुमडायची, इस्त्री दाबायची, आणि दोन्ही कडांपासून पाव इंचावर दोन टिपा. तयार पट्टी सव्वा इंच रुंद. मशीन मास्तर चालवतात. तुम्ही फक्त कापड सोडायचं, ओढायचं नाही. “ओढू नको रे! ते त्याच्या पायानं जाऊ दे.” ओढलं की पट्टी लांबते. मग दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून बघायच्या: गळ्याशी जुळल्या आणि खाली एक अर्धा इंच लोंबली, की सगळं उसवायचं. रेघाही जुळल्या पाहिजेत. पट्टीवरची निळी रेघ अंगावरच्या रेघांच्या हिशेबात बसली नाही, तर शर्ट चांगला शिवलेला असूनही उसना वाटतो.

दाराशी टेकून बसलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला ही कटकट नाही. त्याच्या सदऱ्याला छातीपर्यंतच चीर आहे, तिच्यात साखळीची बटणं. डोक्यातून घालायचा, डोक्यातूनच काढायचा. विलायतेतही शर्ट बराच काळ असाच होता. वरपासून खालपर्यंत उघडणारा शर्ट लंडनच्या ऑल्डरमनबरीतल्या ब्राउन, डेव्हिस आणि कंपनीने 1871 साली नोंदवला. चीर पाडलेल्या कापडाला खालचं अखंड कापड सांभाळून घेतं. इथे दोन सुटे भाग आहेत, त्यांना एकत्र धरणारी सात बटणं, आणि श्वास घेताना, वाकताना, ट्रामचा दांडा पकडताना बसणारी सगळी ओढ त्या सव्वा इंचावर.

कॉलर लागल्यावर काजांच्या खुणा. कॉलरच्या पट्टीवरचं काज आडवं, कारण गळा आडवा ओढतो. खालची उभी, म्हणजे बटण अरुंद पट्टीच्या मधोमध राहतं. मास्तर छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेवर पहिली खूण करतात, तिथून वर-खाली साडेतीन-साडेतीन इंचांनी. तिथे बटण नसलं की शर्ट जांभई देतो. काजाची लांबी बटणाच्या रुंदीत त्याची जाडी मिळवून; शिंपल्याचं बटण जाड, त्याला जास्त लागते.

आता तुमची पाळी. दोरा मेणावरून ओढून घ्या. खुणेभोवती बारीक धावदोरा घाला. मग कात्रीचं टोक. इथवरची प्रत्येक शिवण उसवता आली असती. ही चीर मात्र परत शिवता येत नाही, आणि ती तयार शर्टावर, गिऱ्हाइकाच्या छातीवर पाडायची आहे. म्हणून शिकाऊ पोराला वर्षभर चिंध्यांवरच काजं करायला लावतात. चीर पडली. सुई खालून वर, दोऱ्याचा फास सुईभोवती, हलकं ओढायचं, की गाठ बरोबर कडेवर बसते. पुढचा टाका तिला चिकटून. दोन्ही टोकांना आडवे टाके.

बटण घट्ट शिवू नका. बटणावर आगपेटीची काडी आडवी ठेवा, तिच्यावरून टाके घ्या, काडी काढून घ्या, आणि खाली उरलेल्या ढिल्या दोऱ्याला गुंडाळून त्याची मान करा. काजपट्टीची जाडी त्या मानेत बसते.

तुमचं दुसरं काज होईपर्यंत वरच्या मजल्यावरच्या आक्का दोन शर्ट घेऊन उतरतात. घरच्या कामातून वेळ काढून त्यांनी चौदा काजं पुरी केलीत, आणि तुमच्या काजाकडे एक नजर टाकून त्या काही बोलत नाहीत. काज-बटणाचे शर्टामागे दोन आणे. एप्रिलपासून नवे पैसे आलेत. तक्त्याप्रमाणे दोन आण्यांचे बारा.

“हे बारा,” मास्तर मोजतात, “आणि हे बारा.”

“वेगळे नको, मास्तर. चार आण्यांचे पंचवीस होतात. दोन्ही शर्ट एकत्र धरा.”